भांग, उधाण आणि नववीचा वर्ग

दहावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : सायन्स मिळेल ना? विचारणाऱ्या आईवडिलांच्या, काकामामांच्या मनात त्या क्षणी विज्ञान मुळीच नसते, हे आपण सारेच जाणतो. सायन्स म्हणजे नव्वद टक्क्यांवर उमटलेली समाजमान्यतेची मोहोर. सायन्स म्हणजे इंजिनिअरिंगचे दार, आणि अलीकडे तर कॅनडाच्या विमानाचे अर्धे तिकीट. ज्याला ते लाभले नाही त्याच्यासाठी कॉमर्स; तेही झेपणार नसेल तर आयटीआय. ही उतरंड इतकी पक्की झाली आहे की, ज्या मुलाचे हात प्रत्यक्ष यंत्राला लागणार तोच तंत्रज्ञानाच्या उतरंडीत तळाला बसवला जातो, यातली विसंगती कोणाला खटकत नाही.

घरात जी हवा असते तीच मूल छातीत भरून वर्गात येते. आम्ही वसईच्या किनारपट्टीवरील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि रविवारी मिस्सा संपल्यावर धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. दोन्हीकडे बरीचशी मुले तीच. एकाच मुलाची दोन ठिकाणची दोन रूपे दर आठवड्याला समोर येतात, आणि त्यांच्या तुलनेतून काही गोष्टी ध्यानात येत गेल्या.

पहिली गोष्ट ही की, आजच्या मुलांना विज्ञानाचा कंटाळा आहे ही तक्रार खरी नाही. भीतीही पूर्वीइतकी नाही. मुलांच्या मनात विज्ञानाविषयी आदर आहे, आणि तो भरपूर आहे. उणीव आहे ती ओढीची. दुरून हात जोडावेत, नवस बोलावा आणि निघून यावे, अशा प्रकारचा हा आदर आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा मुलांनी घराघरांत टाळ्या वाजवल्या, काहींच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात यानाचे वजन, लँडरचे नाव, रोव्हरचे नाव, सारे मुखोद्गत होते. आम्ही एक साधा प्रश्न विचारला : काल यान उतरले तेव्हा आपल्या आकाशात चंद्र केवढा होता?

वर्ग स्तब्ध झाला. ज्या चंद्रावर आपण उतरलो तो आणि आपल्या कौलांवरून सरकणारा चंद्र हे एकच, याची सांगड त्या क्षणापर्यंत कोणी घातली नव्हती. अखेर शेवटच्या बाकावरून एक आवाज आला, "सर, काल सप्तमी होती. अर्धा. भांगाचं पाणी होतं ना."

वर्ग खो-खो हसला. मुलगा बंदरावरच्या कोळ्याच्या घरातला. वर्गातल्या गुणपत्रिकेत त्याची जागाही शेवटच्या बाकासारखीच. मासळीची भाषा विज्ञानाच्या तासाला आली म्हणून मुले हसली. मुलगा कानापर्यंत लाल होऊन खाली बसला. त्या दिवशी त्या वर्गात विज्ञान बोलणारा तो एकटाच होता, आणि ही गोष्ट आम्ही वर्गाला सांगितली तेव्हा सर्वांत अधिक अविश्वास त्याच्याच चेहऱ्यावर दिसला.

ज्यांचा समुद्राशी संबंध नाही अशा वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, भरती उंच चढते आणि ओहोटी खोल जाते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात येते, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, तो भांग. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, हे पावसाळ्यात वर्तमानपत्रे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भूगोलाच्या शालेय पुस्तकातही हेच दोन शब्द आहेत : उधाणाची भरती आणि भांगाची भरती. आमच्या त्या विद्यार्थ्याची समजूत अशी होती की, शाळेतले शब्द आपल्या आजोबांनी कुठून तरी ऐकून उचलले असावेत. वस्तुतः पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून हे शब्द किनाऱ्यावर नांदत आले आहेत.

त्याच्या आजोबांपाशी याहूनही मौल्यवान ठेव आहे, आणि ती कोकणपट्टीतल्या बहुतेक जुन्या नाखवांपाशी आढळते. आज भरती केव्हा, हे काढायचे तर तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता, दशमी असेल तर साडेसात वाजता पाणी पूर्ण भरते. घड्याळ नको, छापील कोष्टक नको. आकाशाकडे पाहिले, तिथी ताडली की काम झाले. विज्ञानाचा विद्यार्थी या ठिकाणी थबकला पाहिजे. दर तिथीला पाऊण तास, म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. पुस्तक म्हणते, भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. का? तर पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करीपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, आणि त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला तेवढा वेळ अधिक लागतो. म्हणजे ज्या माणसाने शाळेचे तोंड पाहिले नाही त्याच्या बोटांवर चंद्राची गती मोजलेली आहे. अचूक नाही, पण होडी लोटण्यापुरती पक्की.

हा नियम आम्ही वर्गात फळ्यावर लिहिला. एका मुलीने लगेच गणित मांडले. पंधराव्या तिथीला, म्हणजे पौर्णिमेला, उत्तर सव्वाअकरा येते. "पण सर, यांचे आजोबा तर पौर्णिमेला बाराच्या सुमारास पाणी म्हणतात. मग पाऊण तास गेला कुठे?" थोड्या वेळाने तिनेच सुचवले की, चाराने गुणून पाचाने भागले तर पौर्णिमेला बरोबर बारा येतील. तीन-चतुर्थांशाऐवजी चार-पंचमांश. पंचेचाळीसऐवजी अठ्ठेचाळीस मिनिटे. तिला उत्तर मिळाले होते, ते गाइडमध्ये नव्हते आणि त्याला गुणही नव्हते. तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते आम्ही बोर्डाच्या निकालाच्या दिवशीही कधी पाहिलेले नाही.

मग असे का व्हावे की, हीच मुले विज्ञानाविषयी विचारले असता समुद्राचे नाव घेत नाहीत? एकदा आम्ही नववीच्या मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले. पांढरा कोट, चष्मा, विस्कटलेले केस, हातात फेस उसळणारी नळी. काही चित्रांत आइन्स्टाइन ओळखू येत होते, काहींत डॉ. कलाम. स्त्री क्वचितच, आणि होती तीही मुलींच्याच चित्रांत. होडीतला, वाडीतला, विहिरीच्या काठावरचा शास्त्रज्ञ एकाही कागदावर नव्हता. हे आपल्याच मुलांचे वैगुण्य समजू नये. मार्गारेट मीड आणि रोडा मेत्रो या अभ्यासिकांनी १९५७ साली अमेरिकेतील सुमारे ३५,००० माध्यमिक विद्यार्थ्यांच्या लिखाणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हाच पांढऱ्या कोटातला, चष्मा घातलेला, प्रयोगशाळेत कोंडलेला पुरुष होता. देशाला तो हवा, जगाला तो हवा. पण आपण स्वतः तसे व्हावे, किंवा मुलींनी तशाशी लग्न करावे, हे मात्र फारसे कोणाला रुचत नव्हते.

या शतकाच्या पहिल्या दशकात ओस्लो विद्यापीठातील अभ्यासकांनी चाळीसएक देशांतील पंधरा वर्षांच्या मुलामुलींना अशाच विषयावर प्रश्न विचारले. भारतातील मुलांचीही उत्तरे त्यात होती. निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञान समाजाला उपकारक आहेत, हे बहुतेक सर्वत्र मुले मान्य करतात. पण शाळेतले विज्ञान आवडते का, शास्त्रज्ञ व्हायचे आहे का, असे विचारले की गरीब देशांतील मुले उत्साहाने हो म्हणतात आणि श्रीमंत देशांतील, विशेषतः उत्तर युरोपातील मुले, त्यातही मुली, मान हलवतात. देश जितका पुढारलेला तितकी मुलांची ओढ कमी. आपल्याकडची मुले अजून हो म्हणतात, याचे समाधान मानावे की त्या होकारात विज्ञान किती आणि पोट किती हे तपासावे? आम्हांला दुसरी गोष्ट अधिक निकडीची वाटते. पोटासाठी शिकण्यात पाप नाही. आपल्या वाडवडिलांनी सारे पोटासाठीच केले. पण पोट भरल्यावर ओढ संपत असेल, तर ती ओढ विज्ञानाची नव्हती.

तंत्रज्ञानाची कथा याहून वेगळी, आणि काहीशी केविलवाणी आहे. राज्याच्या पाठ्यपुस्तकाचे नावच 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' आहे, तरी मुलांच्या लेखी तंत्रज्ञान म्हणजे मोबाईल. जे दुकानातून खोक्यात येते, ज्याची पुढच्या वर्षी नवी आवृत्ती निघते, ते तंत्रज्ञान. आमच्या धर्मग्रामातील वाडीवाल्यांच्या घरी राजेळी केळी पिकवून, सोलून, दिवसचे दिवस उन्हात घालून सुकेळी करतात. बंदरावर वलांडीवर बोंबील वाळतात, बरणीत खारवलेली मासळी पावसाळाभर टिकते. पाणी काढून घेतले, किंवा मीठ वा साखर यांचे प्रमाण वाढवले की कुजवणारे सूक्ष्मजीव वाढू शकत नाहीत, हे मुले अन्न-परिरक्षणाच्या प्रश्नाच्या उत्तरात दोन गुणांसाठी लिहितात. लिहिणाऱ्या मुलाच्या अंगणात त्याच क्षणी आजी सुकेळी परतत असते. दव पडण्यापूर्वी ती आत का घेते, हे विचारायचे त्याला सुचत नाही; आणि आजीलाही वाटत नाही की आपल्यापाशी नातवाला देण्यासारखे काही आहे. "आम्ही अडाणी, बाबा, तू शिक," ती म्हणते.

बंदरावरचा तो मुलगा सुट्टीत बापाच्या होडीवर जातो. होडीवर जीपीएस आहे, वायरलेस आहे, मासळीचा थवा दाखवणारे यंत्रही आहे. त्यांवरची अक्षरे इंग्रजी. बापाला ती वाचता येत नाहीत. मुलगा वाचतो, खुणा नोंदवतो, कोणत्या जागी जाळे फाटले होते ती जागा यंत्रात साठवतो. इंजिन अडले तर बाप आवाज ऐकून दोष सांगतो आणि मुलगा पाना फिरवतो. उपग्रहापासून डिझेलच्या नळीपर्यंतचे तंत्रज्ञान रोज हाताळणारा हा मुलगा सहामाहीत 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या विषयात नापास झाला. आम्ही परीक्षा निरर्थक म्हणत नाही. त्याने सूत्रे पाठ केलीच पाहिजेत, जहाजे अंदाजावर चालत नाहीत. परंतु आपण नापास आहोत हे त्याने इतक्या सहजी मान्य करावे, आणि होडीवरच्या त्या साऱ्याला "ते काय, ते आमचं नेहमीचंच" म्हणून झटकून टाकावे, हे मनाला लागते. दहावीनंतर त्याला होडीवर राहायचे नाही. मासळी कमी झाली आहे हे एक कारण. आणि होडीवरच्या मुलाला कोणी हुशार म्हणत नाही, हे दुसरे. दुसरे कारण तो बोलून दाखवत नाही.

आता रविवारकडे वळतो.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले अधिक शांत असतात, आणि ती शांतता आम्हांला पुष्कळदा अस्वस्थ करते. प्रायश्चित्तकाळात एका रविवारी क्रुसावरील मरणाचा वृत्तान्त वाचून झाला होता. दुपारी बारापासून तीनपर्यंत देशावर अंधार पडला, हे शुभवर्तमानात आहे. फळ्यावर गणित मांडणारी तीच मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, ते सूर्यग्रहण होतं का?" कोणी उत्तर देण्याआधीच कोळ्याचा मुलगा उठला. "ग्रहण नसणार. सूर्यग्रहण अवसेला लागतं. ती पौर्णिमा होती." त्याला कसे ठाऊक? अगदी सरळ होते. पवित्र आठवड्यात पाणी मोठे असते, असे घरात दरवर्षी बोलले जाते. गुड फ्रायडे पौर्णिमेच्या जवळच येतो, हे त्याने पंचांगातून नव्हे, समुद्रातून शिकले होते.

वर्गात एक वडीलधारे गृहस्थ बसले होते. ते कळकळीने म्हणाले, "देवाच्या गोष्टीत तिथ्या आणि ग्रहणं आणू नयेत. श्रद्धा ठेवावी." त्यांच्या हेतूविषयी आम्हांला यत्किंचितही शंका नाही. पण त्या दोन मुलांनी जे केले ते ख्रिस्तसभेला मुळीच नवे नव्हते. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक ज्युलियस आफ्रिकानस याच्यापुढे हाच प्रश्न आला होता. थॅलस नावाच्या इतिहासकाराने तो अंधार म्हणजे सूर्यग्रहण होय असे लिहिले होते. आफ्रिकानसने ते नाकारले. का, तर यहुद्यांचा वल्हांडण सण पौर्णिमेला येतो आणि पौर्णिमेला सूर्यग्रहण घडू शकत नाही. शिवाय खग्रास सूर्यग्रहण एका जागी फार तर साडेसात मिनिटे टिकते. तीन तासांचा अंधार त्याच्याने पडणार नाही. ग्रहणाचे उत्तर सोयीचे होते, श्रद्धावंतालाही आणि संशयी माणसालाही. आफ्रिकानसने ते सोयीचे आहे म्हणून स्वीकारले नाही. आमच्या बंदरावरच्या मुलाने अठराशे वर्षांनंतर, त्याचे नावही न ऐकता, तोच युक्तिवाद केला.

मुलांना आम्ही मग ईस्टरच्या तारखेचा हिशेब सांगितला. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरला येतो, मग ईस्टर का हलतो, हा प्रश्न प्रत्येक मुलाच्या मनात कधी ना कधी आलेला असतो, विचारणारे थोडे. इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेत सर्व ख्रिस्ती लोकांनी हा सण एकाच रविवारी पाळावा असे ठरले. पुढे रूढ झालेला नियम असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणून २०२३ साली ६ एप्रिलच्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे आला, आणि २०२४ साली होळीची पौर्णिमा उलटून चार दिवस होतात न होतात तोच, २९ मार्चला, आला. पण जुन्या पंचांगाचे वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. अकरा मिनिटे म्हणजे काय मोठेसे! तरी सोळाव्या शतकापर्यंत ती साचून दहा दिवस झाले आणि ईस्टर आपल्या ऋतूपासून ढळू लागला. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवसाला १५ ऑक्टोबर म्हणायला लावले. योजना आलोयसियस लिलियस या वैद्याची. तिचे गणित जगाला समजावून सांगितले ते क्रिस्तोफर क्लावियस या येशूसंघीय धर्मगुरूने. आपल्या भिंतीवरचे कॅलेंडर, ज्यावर आपण दुधाचा हिशेब लिहितो, ते या खटाटोपातून जन्मले आहे. पुनरुत्थानाचा दिवस चुकू नये म्हणून माणसे आकाश मोजत होती. मुले त्या दिवशी वेळ संपल्यावरही उठली नाहीत.

मेंडेलचे नाव दहावीच्या मुलांना पाठ असते, वाटाण्यांसह. त्याने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांकडे १९०० पर्यंत जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही, हेही काहींना ठाऊक असते. तो ऑगस्टिनियन संघाचा संन्यस्त होता आणि ती वाटाण्यांची वाफेही मठाच्या बागेतच होती, हे मात्र आमच्या कॅथलिक मुलांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. विश्व प्रसरण पावत आहे असे १९२७ साली गणिताने मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे धर्मगुरू. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाविषयीच्या या नव्या विचारात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. सिद्धान्त उद्या बदलेल, त्याच्यावर श्रद्धेचे घर बांधू नये, ही त्यांची धारणा होती. आम्हांला या दोन याजकांची आणि त्या जुन्या आफ्रिकानसची जात एकच वाटते. गॅलिलिओचे प्रकरणही आम्ही लपवत नाही. १६३३ चा खटला झाला, ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या काळच्या धर्मपंडितांची चूक उघडपणे मान्य केली. मधली ३५९ वर्षे मुलांनी स्वतः वजाबाकी करून काढली आणि एकाने शीळ घातली. शीळ घातल्याबद्दल आम्ही रागावलो नाही.

हे सारे सांगण्याची निकड का वाटते, ते एका माजी विद्यार्थ्याच्या बोलण्यात आहे. हुशार मुलगा, आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. नाताळात भेटायला आला. अजून मिस्साला जातो का, असे आम्ही विचारले नव्हते, तोच म्हणाला, "सर, चर्चमध्ये प्रश्न विचारायचे नसतात आणि कॉलेजात देवाचं नाव काढायचं नसतं. मी दोन्हीकडे गप्प असतो. सवय झाली." त्याच्या स्वरात बंड नव्हते, दुःखही नव्हते. श्रद्धा सोडल्याची घोषणा करणारा मुलगा निदान भांडायला तरी येतो. हा कोणाशीच भांडत नव्हता. त्याच्या विज्ञानातही, आम्ही खोदून पाहिले, तसाच गप्पपणा होता. उत्तरे येत होती, प्रश्न उरले नव्हते. आता तर संगणकाला विचारले की तो मराठीतही क्षणात उत्तर देतो, आणि मुले गृहपाठ तेथूनच उतरवतात. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. घरी जो प्रश्न "पुढे हो, अभ्यास कर" म्हणून परतवला गेला तो कुठेतरी जाणारच.

विज्ञानाच्या तासाला उत्क्रांतीचा पाठ सुरू झाला की आदाम-एवेचा प्रश्न कोणाच्या तरी ओठांवर येतो. मग शेजारचा मुलगा त्याला कोपराने ढोसून पुटपुटतो, "ते रविवारचं." मोठ्यांनी आखलेली भिंत मुले स्वतःच राखू लागली आहेत.

२०२५ च्या प्रायश्चित्तकाळात काही मुलांनी एक वही घातली. राखेचा बुधवार, ५ मार्च, ते ईस्टर, २० एप्रिल. रोजची तिथी, नाखव्याच्या नियमाने येणारी भरतीची वेळ, मुलीच्या नव्या नियमाने येणारी वेळ, आणि धक्क्याशी बांबूवर खुणा करून प्रत्यक्ष पाहिलेली वेळ. चार रकाने. त्यागाचा काळ म्हणून पहाटे उठण्याचा निश्चय केला होता, असे मुलांचे म्हणणे. पहिल्या आठवड्यात दोन पालक आमच्याकडे येऊन गेले. एकांनी विचारले, याचे किती मार्क? नाहीत, म्हटल्यावर ते थोडा वेळ खाली पाहत बसले. दुसऱ्या मुलीची आई. वाडीवरची मुलगी पहाटे बंदरावर कशाला, लोक काय म्हणतील, हा तिचा प्रश्न रास्तच होता. अखेर कोळ्याच्या मुलाची आजी स्वतः मुलींसोबत धक्क्यावर बसू लागली. तिथी चुकली की तीच सुधारायची. तिसऱ्या आठवड्यापासून वहीत तिचे म्हणणेही वेगळ्या शाईने नोंदलेले आहे : वारा दक्षिणेचा, पाणी लवकर.

वही आमच्यासमोर आहे. १८ एप्रिलच्या ओळीत पहिले तीन रकाने भरले आहेत आणि चौथ्यात लिहिले आहे, "तीन वाजता सर्वजण चर्चमध्ये. पाणी पाहिले नाही." ईस्टरला ती वही संपायची होती. पण नोंदी पुढे चालू आहेत, मे उजाडेपर्यंत. कारण एक गोष्ट मुलांना सुटेना. पौर्णिमेच्या आसपास भरती रोज चाळीसएक मिनिटांनीच मागे पडत होती, आणि अष्टमी-नवमीच्या सुमारास, भांगात, तासाहून अधिक. पुस्तकातली पन्नास मिनिटे ही नुसती सरासरी होती; नाखव्याचे पंचेचाळीस आणि मुलीचे अठ्ठेचाळीसही तसेच. पाणी भांगातच का रेंगाळते? ईस्टर होऊन गेल्यावरच्या त्या अष्टमीच्या समासात लाल शाईने एक मोठे प्रश्नचिन्ह आहे, आणि त्याखाली दोन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत दोन उत्तरे आहेत. एकात सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांची आकृती काढून पुढे खोडली आहे. दुसऱ्यात एवढेच आहे : "आजोबांना विचारले. ते म्हणाले, मीही विचार करतो."